‘ओढ्याकडचा एकर तुझा’ : घरातला शब्द कायद्याच्या कागदावर कसा आणावा

वडिलांचं, अण्णांचं, तेरावं उरकलेलं असतं, पाहुणे पांगलेले असतात आणि तिघं भावंडं ओसरीवर बसलेली असतात. आई आधीच गेलेली. धाकटा म्हणतो, ‘‘दादा, अण्णा म्हणाले होते ना, ओढ्याकडचा एकर माझा. मी इथं राहिलो, त्यांचं सगळं केलं म्हणून.’’ दादा मान डोलावतो. ताईनंही ते स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असतं. कुणीच खोटं बोलत नसतं. पुढं वारसनोंद होते आणि त्या एकराच्या सातबाऱ्यावर तिघांची नावं लागतात.

यानंतर काय घडतं ते मी तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. पहिल्या वर्षी कुणी विषय काढत नाही. मग दादाच्या मुलाला घरासाठी पैसे कमी पडतात, किंवा शेजारून रस्ता जातो आणि त्या एकराचा भाव वाढतो. सगळ्यांनी ऐकलेला शब्द कुणाला अर्धवट आठवू लागतो, कुणाला आठवेनासा होतो. अण्णांचा शब्द खोटा नव्हता. त्याला त्याचा कागद मिळाला नव्हता, एवढंच. प्रत्येक शब्दाचा कागद वेगळा असतो, आणि तो देणारा हयात असताना, घरात गोडी असताना करायचा असतो. तो कसा करायचा, हे या विषयात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

पायरी 1 : शब्द नेमका काय होता, ते आधी लिहून काढा

वकिलाकडे जाण्याआधी एक कोरा कागद घ्या. कोण म्हणालं, कधी म्हणालं, कोणत्या मालमत्तेबद्दल, आणि कशाच्या बदल्यात, हे बोलीभाषेत, जसंच्या तसं लिहा. ‘‘हे तुझंच आहे’’ या एका वाक्याचे चार-पाच वेगवेगळे अर्थ निघतात. आत्ताच देऊन टाकलं, हा बक्षिसाचा अर्थ. माझ्यामागे तुला मिळेल, हा मृत्युपत्राचा. तू एवढे पैसे दे आणि घे, ही विक्री. मला माझा हिस्सा नको, हा हक्कसोड. आणि तू हे घे, तो ते घेईल, ही वाटणी. अण्णांच्या मनात यातलं कोणतं होतं ते अण्णांनाच विचारा. म्हाताऱ्या माणसाला असं विचारणं जड जातं, मला कल्पना आहे. पण बहुतेक वडीलधाऱ्यांना हा विषय कुणीतरी काढावा असंच वाटत असतं, हेही मी पाहिलेलं आहे.

पायरी 2 : देणाऱ्याचं ते आहे का?

जे आपलं नाही ते देता येत नाही. त्यामुळे शेतीसाठी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा एकत्र उतारा) आणि जुने फेरफार (नावं कशी बदलत गेली त्याच्या नोंदी) काढा. गावठाणातल्या किंवा शहरातल्या जागेसाठी मालमत्ता पत्रक आणि खरेदीखताची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी कार्यालयातला त्या दस्ताचा उतारा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो, पण जुने फेरफार नीट वाचायला तलाठी कार्यालयात किंवा तहसिलीच्या अभिलेख कक्षात एक फेरी माराच. जमीन अण्णांकडे आली कशी, हे त्यातच सापडतं. एक लक्षात ठेवा : सातबारा हा महसुलाचा उतारा आहे, मालकीचा दस्त नव्हे. नाव लागलं म्हणून मालक झालो, किंवा नाव नाही म्हणून हक्क गेला, असं होत नाही.

आता ‘वडिलोपार्जित’ हा शब्द. आजोबांची होती म्हणजे वडिलोपार्जित, असं सगळे धरून चालतात आणि तिथंच फसतात. आजोबांनी स्वतः कमावलेली जमीन 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर त्यांच्या मृत्यूनं अण्णांकडे आली असेल, तर ती अण्णांची स्वतःची समजली जाते. सर्वोच्च न्यायालयानं 1986 पासून हीच भूमिका घेतली आहे. अशी जमीन अण्णा कुणालाही देऊ शकतात. पण ती खरोखर एकत्र कुटुंबाची असेल, तर तिच्यात मुलांचा जन्मानं हक्क असतो आणि मुलींचाही असतो. महाराष्ट्रानं 1994 सालीच मुलींना हा हक्क दिला होता, पण तेव्हा लग्न झालेल्यांना वगळून. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली. 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलीचा हक्क जन्मानं आहे. 2005 च्या त्या दिवशी वडील हयात असायला हवेत असं नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत. म्हणजे एकत्र कुटुंबाच्या जमिनीबद्दल अण्णांनी एकट्या धाकट्याला दिलेला शब्द हा ताईच्या आणि दादाच्या हिश्श्याचाही शब्द होता, आणि तो एकट्यानं देण्याचा अधिकार अण्णांना नव्हता. एकत्र मालमत्तेतला आपला अविभक्त हिस्सा बाकीच्यांच्या संमतीशिवाय बक्षीसही देता येत नाही. मृत्युपत्रानं मात्र देता येतो.

गोव्यातल्या वाचकांनी इथं थांबून स्वतःचा कायदा पाहावा. तिथं सक्तीच्या वारसांसाठी, म्हणजे सहसा वगळता न येणाऱ्या वारसांसाठी, निम्मी मालमत्ता राखीव असते आणि उरलेल्या निम्म्याचीच मनाप्रमाणे व्यवस्था लावता येते. ‘सगळं घर थोरल्याला’ हा शब्द तिथं पूर्ण पाळताच येत नाही. मुस्लिम कुटुंबात हिबा (बक्षीस) तोंडीही होऊ शकतो, पण देणं, स्वीकारणं आणि ताबा देणं या तिन्ही गोष्टी घडाव्या लागतात.

पायरी 3 : बदल्यात काय आहे?

भारतीय करार कायदा 1872 चा. त्याची मूळ मागणी अशी की करारात मोबदला हवा. मोबदला नसलेला करार कलम 25 नुसार रद्दबातल. पण याच कलमात घरच्या माणसांसाठी दरवाजे उघडे ठेवले आहेत, आणि ते ज्यानं त्यानं माहीत करून घ्यावेत.

पहिला दरवाजा : जवळच्या नात्यात, नैसर्गिक प्रेमापोटी दिलेलं वचन, लेखी आणि नोंदणी केलेलं असेल तर मोबदल्याशिवायही बांधील ठरतं. यात प्रत्येक शब्द मोजून घ्यायचा. नुसतं नातं पुरत नाही. 1900 साली कलकत्त्याच्या न्यायालयापुढं एका पतीनं पत्नीला पोटगी देण्याचा नोंदणीकृत करार आला होता. त्यातच दोघांच्या भांडणांचा उल्लेख होता. न्यायालयानं म्हटलं, नातं आहे, नोंदणी आहे, प्रेम कुठं दिसत नाही. करार टिकला नाही. म्हणून असा दस्त लिहिताना मागची भांडणं त्यात ओतू नका.

दुसरा दरवाजा : तुमच्यासाठी कुणी आपखुशीनं काही केलं असेल, तर त्याची भरपाई करण्याचं वचन. ताईनं नोकरी सोडून आईचं शेवटचं आजारपण काढलं आणि अण्णांनी नंतर लिहून दिलं की ताईला एवढी रक्कम देईन, तर ‘तेव्हा तिनं मागितलं कुठं होतं’ हा बचाव चालत नाही.

आणि मोबदला वचन घेणाऱ्याकडूनच यायला हवा असंही नाही. 1882 च्या मद्रासच्या चिन्नया खटल्यात आईनं मुलीला जमीन दिली ती एका अटीवर : तिनं आपल्या नातलगांना दरसाल ठरावीक रक्कम द्यावी. मुलीनं त्याच दिवशी त्या नातलगांना तसं लिहून दिलं आणि पुढं हात वर केले. त्या नातलगांनी मुलीला काहीच दिलेलं नव्हतं, तरी आईनं दिलेली जमीन हाच मोबदला धरून न्यायालयानं तिला बांधलं. आपल्याकडे ‘शेत तुझ्या नावावर करतो, पण बहिणीला दरवर्षी दोन पोती ज्वारी पोचव’ असं ठरतं ना, त्याला हाच आधार आहे. फक्त ते लिहा, आणि बहिणीची सही त्यावर घ्या.

मोबदला सापडला म्हणजे जमीन मिळाली, असं मात्र समजू नका. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते. नुसत्या विसारपावतीनं मालकी येत नाही.

पायरी 4 : शब्दाला त्याचा कागद द्या

*बक्षीसपत्र.* आत्ताच द्यायचं असेल तर हा कागद. देणाऱ्याची सही, किमान दोन साक्षीदार, नोंदणी, आणि देणारा हयात असतानाच घेणाऱ्याचा स्वीकार. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. भावाबहिणीला देताना मात्र ही सवलत नाही, तिथं बाजारमूल्याच्या 3 टक्के. स्थानिक अधिभार किती ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधीच विचारा.

या कागदाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण तो स्वस्त आहे आणि सहसा परत फिरवता येत नाही. घर मुलाच्या नावावर करून दिलेले आणि वर्षभरात मागच्या खोलीत सरकवले गेलेले आईवडील माझ्याकडे येतात. ‘‘संभाळीन म्हणाला होता’’, एवढंच त्यांच्याकडे असतं. हे टाळण्यासाठी दोन वाक्यं दस्तात घाला. एक, देणाऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला तहहयात त्या घरात राहण्याचा हक्क राहील. ताबा स्वतःकडे ठेवून दिलेलं बक्षीसही वैध असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली स्पष्ट केलं आहे. दोन, घेणारा देणाऱ्याच्या मूलभूत गरजा आणि औषधपाणी पाहील या अटीवर हे बक्षीस आहे. ही अट असेल आणि पाळली गेली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली 60 किंवा त्याहून जास्त वयाच्या देणाऱ्याला तो दस्त रद्द करून मागता येतो, तेही प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढं.

ही अट किती महत्त्वाची, हे दोन निकालांतून कळतं. डिसेंबर 2022 च्या सुदेश छिकारा प्रकरणात दस्तात अट नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, अट दाखवल्याशिवाय कलम 23 लागत नाही. जानेवारी 2025 च्या ऊर्मिला दीक्षित प्रकरणात मध्य प्रदेशातल्या एका आईनं 2019 साली मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं, आणि मुलानं त्याच दिवशी संभाळण्याचं वेगळं वचनपत्र लिहून दिलं होतं. न्यायालयानं दोन्ही कागद एकत्र वाचले आणि मालमत्ता आईला परत मिळाली. त्या आईच्या बाजूनं उभा राहिला तो तेवढा एक कागद. तुम्ही ते वाक्य वेगळ्या कागदावर न ठेवता मूळ दस्तातच घाला.

*मृत्युपत्र.* माझ्यामागे द्यायचं असेल तर हे. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक, दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक. ज्याला मिळणार त्याला साक्षीदार करू नका. डॉक्टरांचा त्याच दिवशीचा दाखला जोडा. घेणाऱ्यानं एक समजून घ्यावं : मृत्युपत्र करणारा ते केव्हाही बदलू शकतो. त्याच्या भरवशावर आज बँकेचं कर्ज काढून त्या जागेवर बंगला बांधू नका. सोसायटीतलं किंवा बँकेतलं नामनिर्देशनही मृत्युपत्राची जागा घेत नाही. नॉमिनी हा सांभाळणारा असतो, वारस नव्हे.

*हक्कसोडपत्र.* हे बहुतेक वेळा बहिणीनं करून द्यायचं असतं, निदान आपल्याकडे तसा रिवाज पडला आहे. वारसनोंदीच्या वेळी ‘ताई, इथं सही कर’ म्हणून कागद पुढं येतो. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. बदल्यात दिवाळीला साडी आणि ‘तुझं माहेर कायम आहे’ हा शब्द. बहिणींनो, सही करायची असेल तर मनापासून करा, पण वाचून करा. हक्कसोड नोंदणीकृत असावा लागतो आणि तो सहहिस्सेदाराच्याच लाभात होतो. बदल्यात पैसे ठरले असतील तर रक्कम दस्तात लिहा आणि बँकेतून घ्या. आणि वडील हयात असताना ‘पुढं मिळणारा हिस्सा’ सोडून देता येत नाही. त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेत वारसाची नुसती आशा असते, आणि आशा हस्तांतरित होत नाही. असा कागद करून आणि त्यावर पैसे घेऊन नंतर उलटलं, तर मात्र कोर्ट त्या वागण्याकडे कानाडोळा करत नाही.

*वाटणी आणि कौटुंबिक व्यवस्था.* सगळे हिस्सेदार एकत्र बसून ठरवू शकत असतील तर यासारखा मार्ग नाही. 1976 च्या काळे निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रामाणिक कौटुंबिक तडजोडीला कोर्टानं शक्य तितकं टिकवावं, आणि ती तोंडीही असू शकते. आधी झालेल्या वाटणीची नुसती आठवण म्हणून केलेल्या टिपणाला नोंदणी लागत नाही. ज्या कागदानं हक्क निर्माण होतो त्याला लागते. यातून एक वाईट सवय पसरली आहे : आज वाटणी करायची आणि ‘दहा वर्षांपूर्वी तोंडी झाली’ असं लिहायचं. ते करू नका. विनीता शर्मा निकालानंतर तोंडी वाटणीकडे कोर्ट फार बारकाईनं पाहतं, आणि खोटी तारीख असलेला कागद एक दिवस तुमच्याच मुलांच्या अंगाशी येतो. शेतजमिनीची सर्वसंमतीची वाटणी जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडूनही करून घेता येते.

*पैशाचे शब्द.* दादानं मुंबईहून पैसे पाठवले आणि गावात जागा धाकट्याच्या नावावर घेतली. ‘नंतर निम्मी तुझी करून देतो.’ हे फार धोक्याचं आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतरच्या बेनामी कायद्यात स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून पती, पत्नी किंवा मुलांच्या नावावर घेतलेली मालमत्ता चालते. पण भाऊ, बहीण किंवा आईवडिलांच्या बाबतीत पैसे देणाऱ्याचं नावही सहमालक म्हणून कागदावर हवं. पैसे दिले असतील तर खरेदीखतातच नाव घाला. उसने दिले असतील तर तसं लिहून घ्या. 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं उसनी देऊ-घेऊ नका. उसनवारीच्या दाव्याची मुदत तीन वर्षं. ती संपण्याआधी घेणाऱ्याकडून लेखी कबुली घेतली तर मुदत पुन्हा नव्यानं सुरू होते.

*वडिलांच्या जागेवर बांधलेलं घर.* ‘बांध, जागा तुझीच आहे’ या शब्दावर खर्च झाला असेल तर सुखाधिकार कायद्याचं कलम 60 पाहा. परवानगीच्या भरवशावर स्वखर्चानं पक्कं बांधकाम केलं असेल तर ती परवानगी मागं घेता येत नाही. याचा अर्थ राहण्याला संरक्षण मिळतं, जागेची मालकी मिळत नाही. बांधकामाची बिलं आणि बँकेचे उतारे जपून ठेवा.

पायरी 5 : नोंदणीचा दिवस

पाचशेच्या मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे काम झालं, हा गैरसमज मी रोज ऐकतो. नोटरी फक्त सही कुणाची ते सांगतो. स्थावर मालमत्तेचा हक्क बदलतो तो दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाल्यावर.

मसुदा वकिलाकडून करून घ्या आणि घरी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. ज्यांना काही मिळणार नाही त्यांच्यासमोर तर नक्की वाचा. पुढचे निम्मे दावे ‘आम्हाला अंधारात ठेवलं’ या एका रागातून येतात. गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा सातबाऱ्याशी ताडून पाहा. मुद्रांक शुल्क ऑनलाइन भरून चलन घ्या. आधार, पॅन, फोटो आणि दोन साक्षीदार घेऊन जा. तिथं फोटो निघतो, अंगठा घेतला जातो. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला गेला पाहिजे. परदेशी असलेल्या भावंडानं कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीनं सही करण्याचा अधिकार देणारा कागद) पाठवलं असेल तर ते राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. हे विसरल्यानं ऐन दिवशी अडलेली माणसं मी पाहिली आहेत.

देणारा वयस्क असेल तर ज्याला मिळणार त्यानं त्या दिवशी जरा मागं राहावं. गाडी दुसऱ्यानं आणावी, वकील दुसऱ्यानं ठरवावा. आजारी, अवलंबून असलेल्या माणसाकडून त्याला सांभाळणाऱ्यानंच कागद करून घेतला, तर करार कायद्याच्या कलम 16 खाली गैरवाजवी दबावाचा प्रश्न उभा राहतो आणि दबाव नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येऊ शकते.

नोंदणीनंतर फेरफारासाठी अर्ज झाला का ते पाहा. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग नोंद मंजूर होते. नवा सातबारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

पायरी 6 : शब्द मोडलाच असेल तर

लेखी विक्री-करार असेल आणि समोरचा दस्त करून देत नसेल, तर ठरलेल्या तारखेपासून, तारीख ठरली नसेल तर नकार कळल्यापासून, तीन वर्षांत दावा लावा. स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर कराराची पूर्तता करून मागणं आधीपेक्षा सोपं झालं आहे. फसवून करून घेतलेला दस्त रद्द करून मागायलाही मुदत तीनच वर्षं, ती फसवणूक कळल्यापासून. ‘घरातलं आहे, थोडं थांबू’ म्हणत ही तीन वर्षं निघून जातात. नोटिशीचा मजकूर मऊ ठेवा, पण नोटीस वेळेत पाठवा. फोनवरचे संदेश, मनीऑर्डरच्या पावत्या, बँकेचे उतारे, त्या बैठकीला हजर असलेल्यांची नावं, सगळं एका फाइलीत लावा.

पैशाची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक 15100. घरगुती दाव्यात लोकअदालत जरूर मागा. तिथली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच अंमलात येते आणि भरलेलं कोर्ट शुल्क परत मिळतं.

आणि ओसरीवर बसलेली ती तिघं? अण्णांनी काही लिहून ठेवलेलं नाही, पण तिघांनाही शब्द आठवतो आहे, आणि अजून आठवतो आहे तोवरच हात हलवायला हवेत. वारसनोंद होऊ द्या. मग दादा आणि ताईनं त्या एका गटापुरतं, धाकट्याच्या लाभात, नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं. त्यात गट क्रमांक स्पष्ट हवा, म्हणजे बाकीच्या जमिनीतला त्यांचा हिस्सा शाबूत राहील. ताईला दरसाल काही द्यायचं ठरलं असेल तर ते त्याच दस्तात लिहावं. नोंदणी झाली की मूळ दस्त धाकट्याकडे आणि एकेक प्रमाणित प्रत दादाच्या आणि ताईच्या घरी.